देवळालीच्या टबाला कोणता मुलामा?

प्रश्न : देवळाली कॅम्पातला आमचा बंगला आजोबांनी एका पारशी कुटुंबाकडून विकत घेतला. न्हाणीघरात चार पंजांवर उभा असलेला बिडाचा जुना टब आहे. आमच्या लहानपणी नळाला एकदाच पाणी यायचं, तेव्हा तो पाणी साठवायलाच वापरात होता. अंघोळ शेजारी, बादलीनं. आता बंगल्याची डागडुजी काढली आहे आणि टबात खरोखर अंघोळ करायची इच्छा आहे. तळ खरखरीत झालाय, भोकाजवळ गंज आहे, दोन ठिकाणी टवके उडालेत. मध्यंतरी कुणीतरी त्याला ऑइलपेंटही फासलेला दिसतो. अंबडचा पावडर कोटिंगवाला म्हणतो, माझ्याकडे आणा. गॅरेजवाला म्हणतो, गाडीचा रंग मारून देतो. रंगाच्या दुकानात पांढऱ्या इनॅमल पेंटचा डबा पुढे केला. आणि आईचं म्हणणं, नाशकात राहून कल्हईवाल्याला का विचारत नाही? या सगळ्यांत टिकाऊ काय?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण विचार करायला लावणारा तोच आहे. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं. म्हणून तर कल्हईवाल्याचं काम भाता आणि मूठभर कोळशावर भागतं. पातेलं तापलं की तो नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो आणि कापसाचा बोळा फिरला की कथील चकाकत पसरतं. नवसागर तांब्या-पितळेवरचा मळलेला थर खाऊन टाकतो, मागे उघडा धातू राहतो आणि कथील त्याला धरतं. बीड इतकं सरळ नाही. त्यात साधारण दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि तुमच्या टबासारख्या करड्या बिडात त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. ग्राफाइटवर कथील बसत नाही, ओघळून जातं. शिवाय सव्वाशे-दीडशे किलोचा टब सगळीकडून सारखा तापवणार कसा? आणि तापवलाच, तरी कथील इतकं मऊ की बादलीच्या एका घसटीत ओरखडा पडेल.

पण आईंचा रोख बरोबर आहे. धातूवर नुसता चिकटलेला थर त्यांना नको, धातूला धरलेला हवा. तुमच्या टबाला कारखान्यातून निघताना तसाच थर दिलेला होता आणि तो काचेचा होता.

बिडाच्या टबावरचं पांढरं कवच म्हणजे अक्षरशः काच. ओतीव टब भट्टीत लालभडक तापवायचा, बाहेर काढून त्यावर चाळणीतून काचेची बारीक भुकटी भुरभुरवायची, ती जागच्या जागी वितळते, पुन्हा भट्टीत, पुन्हा भुकटी. अमेरिकेतल्या कोहलर कंपनीची जन्मकथा हीच आहे. १८८३ साली विस्कॉन्सिनमध्ये जॉन मायकेल कोहलर यांनी जनावरांना पाणी पाजायची बिडाची डोण सुमारे सव्वानऊशे अंशांपर्यंत तापवून तिच्यावर ही भुकटी टाकली आणि खाली चार पाय जोडले की झाला टब, अशी जाहिरात केली. कंपनी सांगते की पहिला टब एका शेतकऱ्यानं एक गाय आणि चौदा कोंबड्या देऊन नेला. त्याच काळात डेट्रॉइटमध्ये बिडाला काच चढवण्याच्या कामात नाव काढलेला दुसरा माणूस म्हणजे डेव्हिड ब्यूक. त्याला इंजिनांचा नाद लागला, टबांचा धंदा त्यानं विकून टाकला आणि आज जग त्याला मोटारीच्या नावानं ओळखतं. तुमचा टब यांच्यापैकी कुणाचा असेल असं नाही. लष्करी छावणी आणि सॅनिटोरियमांच्या देवळालीत असा माल विलायतेहून यायची शक्यता जास्त. टॉर्च घेऊन टबाखाली डोकं घाला. बनवणाऱ्याचं नाव किंवा साल बऱ्याचदा तिथं ओतीव अक्षरांत असतं, आणि वरून रंग बसला असला तरी बोटाला लागतं.

मग पुन्हा काचच का चढवू नये? तत्त्वतः चढवता येते. पण जुनी काच पूर्ण उतरवायची, टब भट्टीत घालायचा, आणि शंभर वर्षं गरम-थंड होत आलेलं बीड त्या उष्णतेत तडकणार नाही याची हमी कुणी देत नाही. काच चढवण्याचा उद्योग आपल्याकडे आहे, अगदी रसायनांच्या कारखान्यांसाठी काचेचं अस्तर असलेल्या मोठाल्या टाक्या शेजारच्या गुजरातेत बनतात. पण एका घरच्या टबासाठी ती भट्टी कोण पेटवणार? हा रस्ता सोडून द्या. याचा सरळ परिणाम असा की आज तुम्हाला जे काही मिळेल ते वितळून एकजीव झालेलं नसेल, चिकटवलेलं असेल. त्यामुळे कोणता डबा आणायचा या प्रश्नाआधी तो कशावर चिकटणार आहे, हा प्रश्न येतो.

म्हणून आधी टब तपासा. चुंबक चिकटला आणि बोटाच्या पेरानं वाजवल्यावर बद्द आवाज आला तर बीड. खणखणला तर पत्रा. तुमचा पंजांचा टब बिडाचाच असणार. मग भोकाजवळ, सहज दिसणार नाही अशा जागी, ब्लेडचं टोक हलकेच ओढा. रंग असेल तर त्याची साल कुरळी होऊन निघते. काच असेल तर ब्लेड नुसतं घसरतं, फार तर करडी रेघ उमटते आणि ती बोटानं पुसली जाते. रंग निघाल्यावर खाली काच शाबूत आहे का ते पाहा. खरखरीतपणा दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे क्षारांचा थर, विशेषतः बंगल्यात बोअरचं पाणी असेल तर. तो पृष्ठभागाच्या वर उठलेला असतो, जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेनं थोडा थोडा सुटतो. दुसरा म्हणजे काच खाल्ली गेलेली असते. याला बहुतेक घरांत एकच गुन्हेगार असतो : दारावर बाटल्यांतून विकायला येणारं अॅसिड. फरशी आणि संडासासाठी आणलेलं ते अॅसिड कामवाल्या बाई सरसकट टबातही ओततात. जुन्या टबांवरची काच आम्लाला तोंड देण्यासाठी बनवलेलीच नव्हती. लिंबू आणि व्हिनेगरसुद्धा तिच्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये.

आता एक सल्ला जो कारागिराला आवडणार नाही. रंग उतरवल्यावर काच नुसती मंद झालेली असेल, हात फिरवल्यावर खडबडीत लागत नसेल, तर तिच्यावर काहीही चढवू नका. टवके तेवढे इपॉक्सी पुट्टीनं भरा, वर रंग जुळवा आणि टब वापरा. मंद पडलेली काचही कुठल्याही नव्या लेपापेक्षा कठीण असते. चकाकीच्या हौसेपायी अनेक चांगले टब रंगवले जातात आणि चार वर्षांनी सालपटं निघायला लागली की भंगारात जातात.

तुमच्या पत्रावरून मात्र तळ खाल्लेला दिसतो. तेव्हा लेप लागणार. एकेका पर्यायाचा निकाल लावू.

रंगाच्या दुकानातला इनॅमल पेंट पहिल्या फटक्यात बाद. डब्यावर इनॅमल लिहिलेलं असलं तरी त्याचा काचेशी संबंध नाही. तो तेलकट अल्किड रंग आहे, खिडकीच्या गजांसाठी उत्तम. साबणाच्या अल्कलीनं तो हळूहळू स्वतःच साबण होतो, मऊ पडतो. मध्यंतरी कुणीतरी फासलेला थर आज कसा दिसतोय ते तुमच्यासमोरच आहे.

पावडर कोटिंगवाल्याला मी लगेच हाकलणार नाही. अंबड-सातपूरला गाड्यांच्या सुट्या भागांमुळे हे काम चांगलं होतं. पण पावडर साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवावी लागते. जाड बिडाच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षं मुरलेला ओलावा आणि हवा त्या उष्णतेत बाहेर पडते आणि लेपात सुईच्या टोकाएवढी भोकं पाडते. पंख्याच्या जाळीवर ती भोकं चालतील. पाण्याखालच्या तळाला प्रत्येक भोक म्हणजे गंजाचं बी. शिवाय टब उचलून न्यायचा, आणायचा. चार पंजे मात्र सुटे होत असतील तर खुशाल अंबडला पाठवा. तिथं पावडर कोटिंग झकास बसेल.

राहिले दोन : गॅरेजवाल्याचा रंग आणि तुम्हाला कुणी न सुचवलेला इपॉक्सी. इपॉक्सी धरतो घट्ट, पाणी अडवतो चांगलं, पण उन्हात पिवळा पडतो आणि त्याची चकाकी लवकर जाते. टू-के पॉलियुरेथेन, म्हणजे गॅरेजवाला ज्याला गाडीचा पीयू म्हणतो ते, रंगाला पक्कं, लवचीक, घासायला मजबूत. पण ते थेट काचेवर किंवा बिडावर मारलं तर पकड कमी. म्हणून माझं मत असं : खाली दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचा हात, वर टू-के अॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचे पातळ दोन-तीन हात, तेही स्प्रे गननं. ब्रशनं नको. तेव्हा तुमचा गॅरेजवाला चारही सल्लागारांत बरोबर उत्तराच्या सगळ्यांत जवळ आहे. फक्त त्याच्या दोन सवयी मोडाव्या लागतील. गाडीच्या पोच्याला तो पॉलिएस्टर पुट्टी भरतो. ती पाणी पिते, टबात अजिबात नको, इपॉक्सी पुट्टीच हवी. आणि गाडीचा पत्रा ज्या कागदानं घासतो तेवढ्यावर तो काचही उरकेल.

खरं काम त्या घासण्यातच आहे. नळ ठिबकत असेल तर आधी त्याचा वायसर बदला. त्याच रेषेत गंज उतरत असतो. भोकाची वेस्ट कपलिंग काढून बाजूला ठेवा. ती न काढता भोवतीनं रंगवलेला टब तिथूनच सुटतो, पाणी कडेनं आत शिरतं आणि सहा महिन्यांत फुगा येतो. भिंतीलगतचं जुनं सिलिकॉन खरवडून शेवटच्या कणापर्यंत काढा. बोटभर जरी राहिलं तरी त्यावर रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाटतो. मग साबणाचं मेण, तेल, क्षार धुऊन काढा. गंज उघड्या बिडापर्यंत खरवडा आणि त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर द्या, रात्रभर उघडं ठेवलं तर बीड सकाळी पुन्हा तांबूस झालेलं असेल. त्यानंतर वॉटर पेपर. काळा, पाण्यात भिजवून वापरायचा तो. आधी २२० नंबर, मग ३२०. पाणी टाकत घासायचं, पुसायचं, वाळू द्यायचं आणि बॅटरीचा उजेड आडवा टाकून बघायचं. जिथं अजून चकाकतंय तिथं रंग धरणार नाही. कडेचा गोल वळसा आणि उताराची पाठ या दोन जागी चकाकी हमखास उरते, कारण हात तिथं थकतो. पूर्ण टब खडूच्या पाटीसारखा मंद दिसेपर्यंत गंजाच्या जागा सोडून कुठंही प्रायमर लावू द्यायचा नाही. काचेवरची पकड वाढवणारं सिलेनचं द्रावण मिळालं तर उत्तम, पण ते या घासण्याची जागा घेत नाही. आणि कुणी काच खाण्यासाठी हायड्रोफ्लोरिक अॅसिडचा सल्ला दिला तर त्याला चहा पाजून निरोप द्या. ते कातडीतून आत उतरून शरीरातलं कॅल्शियम धरतं; थोड्याशा भाजण्यानंही माणूस दगावू शकतो.

जुना ऑइलपेंट उतरवताना तितकीच सावधगिरी. पेंट रिमूव्हरच्या लेबलवर मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलेलं असेल तर तो बंद न्हाणीघरात उघडूच नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती टबातच साचते आणि घासणारा माणूस त्याच टबात डोकं घालून वाकलेला असतो. वाफेनं तो आधी गुंगतो. शिवाय शरीरात गेलेल्या या द्रव्याचं पुढे कार्बन मोनॉक्साइड होतं. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब नवे करून देणारे १३ कामगार असे गेल्याची नोंद तिथल्या आरोग्य यंत्रणेनं केली आणि २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला बंदी आली. तुम्हाला त्याची गरजही नाही. काचेवर ऑइलपेंटची पकड मुळातच कच्ची असते. धुण्याच्या सोड्याचं गरम दाट पाणी फडक्यांवर ओतून ती फडकी टबात अंथरा, वर प्लॅस्टिक, आणि रात्रभर ठेवा. सकाळी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं पोपडे निघतील. हातमोजे घाला. कोरडं घासू नका, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं; घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, तुमचा थर त्याआधीचा दिसतो. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर ते दोन-चार दिवस त्यांना दुसरीकडे पाठवलेलं बरं.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानंही उफाळतो. गॅरेजात तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारतात. त्या रुमालाचा उपयोग शून्य. कारागिराला सेंद्रिय वाफेची काडतुसं आणि फवाऱ्याचे कण अडवणारा फिल्टर असलेला मास्क तुम्ही स्वतः आणून द्या, त्याच्या मजुरीपुढे ती रक्कम काहीच नाही. खिडकी-दार सताड उघडं. आणि न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर सिलिंडरचा कॉक बंद करून गिझर पूर्ण विझवा. थिनरच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

आता मुहूर्त. पावसाळ्यात हे काम काढू नका. पीयूचं हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी झगडतं, त्यातून वायूचे बुडबुडे उठतात, आणि इपॉक्सीवर चिकट धुरकट साय येते. डिसेंबर-जानेवारीतही नको, आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, निफाडकर तर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्या गारव्यात इपॉक्सी आठवडाभर मऊच राहतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत, नाहीतर पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात. सकाळी दहानंतर, दव वाळल्यावर सुरू करा. हात लावायला दुसऱ्या दिवशी कोरडं लागेल, पण पूर्ण ताकद यायला साधारण सात दिवस द्या. त्या सात दिवसांत टबात बादली, साबण, पाहुणा, काही नाही.

एवढं करूनही हा लेप एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच असतो, मूळ काच त्याच्या कितीतरी पट जाड. नीट केला आणि नीट वापरला तर पाच ते दहा वर्षं. याच्यापुढची हमी देणाऱ्याकडून ती लेखी घ्या.

नीट वापरणं म्हणजे काय, तेही आपल्या घरांच्या हिशेबानं सांगतो. टबात स्टीलची बादली ठेवायची नाही. तिच्या बुडाची कडी गोल फिरते आणि तिथंच पहिली चीर पडते. वज्री बाहेरच्या ओट्यावर. तारेची घासणी आणि दाणेदार पावडर बंद, मऊ स्पंज आणि भांड्यांचं लिक्विड पुरे. रबरी मॅटच्या खालच्या चोषक वाट्या लेपाला धरून बसतात आणि मॅट उचलताना सालपट ओढून आणतात, म्हणून मॅट वापराल तर वाट्या नसलेली, आणि अंघोळ झाली की उचलून वाळत टाका. दिवाळीतलं उटणं चालेल, त्यातल्या तेलानं पाय घसरेल तेवढं सांभाळा. हळदीचा कार्यक्रम मात्र त्या टबात करू नका. हळद काचेवरून धुऊन जाते, पीयूत मुरते.

आणि एक प्रश्न मी तुम्हालाच विचारतो. पाणी कमी दाबानं आलं की तो टब पुन्हा हौद होणार आहे का? होणार असेल तर हा सगळा खटाटोप करू नका. आठवडेच्या आठवडे पाणी उभं राहिलं की ते लेपातून सावकाश आत झिरपतं आणि खालून फोड आणतं. याला चांगल्यात चांगला पीयूही अपवाद नाही. शिवाय झाकण नसलेल्या हौदात डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच. गच्चीवर एक टाकी वाढवा, टब अंघोळीपुरता ठेवा, आणि प्रत्येक अंघोळीनंतर फडक्यानं कोरडा करा.

प्रश्न : आजीचं तांब्याचं मोठं घंगाळ भांडी बाजारातून उजळून आणलं. पंधरा दिवसांत पुन्हा काळवंडलं. त्याला कायमचं लॅकर मारलं तर? सणाला आम्ही अजून त्यातच पाणी तापवून अंघोळ करतो.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : पाणी त्यात तापवत असाल तर लॅकर विसरा. आतून-बाहेरून सुटेल आणि चुलीवर तर जळेलच. दिवाणखान्यात फुलं तरंगत ठेवायला वापरणार असाल तर मात्र बाहेरून पारदर्शक लॅकर मारता येईल, पॉलिशचं तेल थिनरनं पूर्ण पुसून मगच. अंघोळीच्या पाण्याला कल्हईची गरज नाही. ती शिजवायच्या भांड्यांसाठी. सणाच्या आदल्या दिवशी चिंचेचा कोळ आणि मीठ, मग भरपूर पाणी, मग कोरडं फडकं. चिंचेचा अंश कडेच्या वळणात राहिला तर दुसऱ्या दिवशी तिथं हिरवट डाग दिसेल, तेव्हा ते वळण नखाला फडकं गुंडाळून पुसा.